भगंदराच्या बातमीतला दुसरा आकडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत नुकताच आतड्याच्या दाहातून होणाऱ्या भगंदरावरील पेशी-उपचाराविषयी लेख आला होता. शीर्षकात 'रामबाण' असे म्हटले होते आणि चौकटीत ठळक अक्षरांत छापले होते की, दात्यांच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्यावर निम्म्या रुग्णांचे भगंदर बंद झाले. मला क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार आहे, त्यातून झालेले भगंदर आहे आणि मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे तो लेख मी पुन्हा पुन्हा वाचला.

आधी मनापासून आभार. गुदद्वाराजवळच्या दुखण्याबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही. घरातही 'पोटाचा त्रास आहे' एवढ्यावर वेळ मारून नेली जाते. पॅड बदलायला दर दोन तासांनी उठावे लागते, हे सहकाऱ्यांना सांगायचे कसे, म्हणून माझ्या ओळखीच्या एका मुलीने नोकरी सोडली. अशा आजाराला आपण पाऊण पान दिलेत, हे फार मोठे आहे. पण त्या पाऊण पानात एक आकडा होता आणि त्याच्या शेजारी जो दुसरा आकडा असायला हवा होता, तो नव्हता.

आधी आजाराबद्दल थोडे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बर्रिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला क्रोन्स म्हणतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दुसऱ्या आजारात दाह बहुधा मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्समध्ये तो भिंतीच्या आरपार जातो. त्यातूनच गुदमार्गाच्या आतून बाहेरच्या त्वचेपर्यंत पोखरत जाणारी वाट तयार होते आणि तिच्यातून पू, कधी रक्त, कधी मळ झिरपत राहतो. क्रोन्स होऊन वीस वर्षे झालेल्यांपैकी साधारण चारात एकाला हे दुखणे गाठते.

इतर लोकांना होणारे भगंदर बहुतेकदा गुदमार्गातल्या एखाद्या ग्रंथीत पू होऊन सुरू होते. वाट वरवरची असेल तर शस्त्रक्रियेत ती उघडी करतात, जखम तळापासून भरत येते आणि माणूस बरा होतो. आमच्या बाबतीत हे सरळ गणित चालत नाही. मुळात दाह पेटलेला असताना कापलेली जखमच भरत नाही, आणि वाट गुदद्वाराच्या स्नायूतून जात असेल तर तो स्नायू कापल्यावर शौचावरचा ताबा जाण्याची भीती असते. 'छोटे ऑपरेशन आहे, एकदाचे करून टाक' असे सांगणारी माणसे मायेनेच सांगतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढे ते दुसरे भगंदर असते.

म्हणून आमच्यापैकी अनेकांना सीटन घालतात. हा सिलिकॉनचा किंवा रबराचा मऊ धागा. बाहेरच्या छिद्रातून आत जातो, वाटेतून गुदमार्गात निघतो, गुदद्वारातून बाहेर येतो आणि त्याची दोन टोके एकत्र बांधून कडे केलेले असते. त्याचे काम भगंदर बुजवण्याचे नाही. वाट उघडी ठेवायची, म्हणजे पू आत तुंबून गळू होणार नाही, एवढेच त्याचे काम. गाठ हळूहळू सरकत फिरते. ती बसायच्या जागी आली की खुर्चीत टोचते, आणि बाथरूममध्ये जाऊन बोटाने ती पुन्हा बाजूला सरकवावी लागते. मी वर्गात उभी राहूनच शिकवते. मुलांना वाटते बाईंना फळ्याशी राहायला आवडते. पण या धाग्यामुळे माझी रात्रीची थंडी-ताप येण्याची पाळी थांबली, त्यामुळे त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

औषधांमध्ये खरा बदल झाला तो इन्फ्लिक्सिमॅब या सलाइनमधून देण्याच्या दाहावरील औषधामुळे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९४ रुग्ण होते. वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम या मात्रेने हे औषध मिळालेल्यांपैकी ५५ टक्के रुग्णांची वाहणारी सगळी छिद्रे बंद झाली; ज्यांना नुसतेच सलाइन दिले त्यांच्यात हे प्रमाण १३ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणालाही समजते की औषध काहीतरी करते आहे. पुढच्या मोठ्या अभ्यासात, सुरुवातीला गुण आलेल्या रुग्णांना औषध चालू ठेवले, तेव्हा वर्षाअखेर ३६ टक्के जणांची छिद्रे बंद राहिली, औषध थांबवलेल्यांत १९ टक्के. म्हणजे गुण टिकवणेही अवघड. पेशींकडे सगळ्यांचे डोळे लागले ते याच अडचणीमुळे, आणि ती आशा खोटी नव्हती.

माद्रिदमधील शल्यविशारद दामियान गार्सिया-ओल्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एका क्रोन्सग्रस्त तरुणीवर केलेला उपचार प्रसिद्ध केला. तिच्या गुदमार्ग आणि योनी यांच्या मधल्या भगंदरात त्यांनी तिच्याच चरबीतून वाढवलेल्या पेशी टोचल्या होत्या. पुढे प्रत्येक रुग्णाची चरबी काढून पेशी वाढवत बसण्यापेक्षा निरोगी दात्यांच्या पेशी तयार ठेवाव्यात, असा विचार पुढे आला. त्यातूनच डार्व्हाडस्ट्रोसेल हे औषध आले, ज्याचे बाजारातले नाव अलोफिसेल. आपल्या लेखातले औषध हेच.

लेख वाचून असा समज होतो की टोचलेल्या पेशी स्वतःच मांस बनून भोक बुजवतात. तसे होत नाही. दाह पेटलेल्या जागी काही रासायनिक संकेत असतात. ते मिळाले की या पेशी स्वतःची द्रव्ये सोडतात आणि आजूबाजूच्या चवताळलेल्या प्रतिकारपेशींना आवरतात. त्या स्वतः काही दिवसा-आठवड्यांत नाहीशा होतात. जखम भरायची ती आपल्याच शरीराने. पेशी फक्त तिला भरू देण्याजोगी शांतता करतात, निदान कल्पना तरी तशी आहे.

आता त्या उपचारात नेमके काय करतात ते पाहू, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. रुग्णाला भूल देऊन वाटा नीट तपासतात. पू काढतात. सीटन घालून काही आठवडे वाट कोरडी होऊ देतात. मग पुन्हा भूल, सीटन काढायचा, वाट खरवडून साफ करायची, आतल्या तोंडाला टाके घालून ते बंद करायचे. हे सगळे झाल्यावर पेशी. चार कुप्या, प्रत्येकीत ६ मिलिलिटर द्रवात ३ कोटी पेशी, एकूण १२ कोटी. त्यातल्या अर्ध्या आतल्या तोंडाभोवती आणि अर्ध्या वाटेच्या भिंतींत टोचायच्या. कुपी तयार झाल्यापासून ७२ तासांत वापरावी लागते, तीही १५ ते २५ अंश तापमानात ठेवून. एवढा खटाटोप.

पहिल्या मोठ्या चाचणीत, युरोपातले सात देश आणि इस्रायल मिळून, २१२ रुग्ण होते. निकाल २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २४ आठवड्यांनंतर पेशी मिळालेल्यांपैकी ५० टक्के रुग्णांना गुण आला. गुण म्हणजे बाहेरचे छिद्र बोटाने हलके दाबूनही काही येत नाही, आणि एमआरआयमध्ये २ सेंटिमीटरपेक्षा मोठे पुवाचे साठे नाहीत. आपण छापलेला 'निम्मे' हा आकडा तो हाच. पण त्याच चाचणीतल्या दुसऱ्या गटाला पेशींऐवजी सलाइन टोचले होते. तपासणी, सीटन, खरवडणे, टाके, सगळे तसेच. त्यांच्यापैकी ३४ टक्के रुग्णांना तोच गुण आला.

वर्गात मी हे असे विचारले असते: एका तुकडीला नवे पुस्तक दिले आणि निम्मी मुले पास झाली. पुस्तक चांगले का? कुठलेही हुशार मूल उलट विचारते, बाई, पुस्तक नसलेल्या तुकडीतली किती पास झाली?

५० आणि ३४ यांत सोळा टक्क्यांचा फरक आहे. म्हणजे सहा-सात जणांना पेशी टोचल्या, तर नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा एकाला जास्त फायदा. ज्याला वर्षानुवर्षे पू वाहतो त्याच्यासाठी हे थोडे नाही. युरोपने मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली, ती याच बळावर. त्या दिवसांत मीही डॉक्टरांना विचारले होते की हे आपल्यापर्यंत कधी येईल.

त्यानंतर दुसरी, आणखी मोठी चाचणी झाली, ५६८ रुग्णांची. तिचा निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाला. पेशी मिळालेल्यांत ४८.८ टक्के. सलाइन मिळालेल्यांत ४६.३ टक्के. अडीच टक्क्यांचा हा फरक योगायोगानेही पडू शकतो. चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साधले नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने हे औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतले. आपल्या लेखात २०१६ आहे, २०१८ आहे. २०२३ आणि २०२४ नाहीत.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, म्हणजे ज्यांनी पूर्वी हा उपचार घेतला ते घाबरणार नाहीत. पेशींनी कुणाला अपाय केला म्हणून औषध मागे घेतलेले नाही. फायदा सिद्ध झाला नाही, म्हणून घेतले.

हे आकडे पुन्हा एकदा बघावेत अशी माझी विनंती आहे. पेशी घेतलेल्यांचा आकडा दोन्ही चाचण्यांत जवळपास तोच, निम्म्याच्या आसपास. हलला तो पेशी न घेतलेल्यांचा: ३४ वरून ४६. आपण सगळे पहिल्या आकड्याकडे बघत राहिलो आणि बातमी दुसऱ्या आकड्यात होती. वाट नीट शोधणे, पू काढणे, सीटन योग्य वेळी काढणे, खरवडून साफ करणे, आतले तोंड बंद करणे आणि सोबत दाहाचे औषध चालू ठेवणे, एवढ्याने जवळजवळ निम्मे रुग्ण सहा महिन्यांनी कोरडे होते. मला तरी त्यातून हाच अर्थ दिसतो, आणि तो निराशेचा नाही. या सगळ्याला दात्याची चरबी लागत नाही, ७२ तासांची कुपी लागत नाही. अनुभवी शल्यविशारद आणि पोटविकारतज्ज्ञ एकमेकांशी बोलणारे हवेत. हे एकमेकांशी बोलणेच सर्वांत अवघड. दोन केबिनमधल्या फायली रुग्णच इकडून तिकडे नेत असतो.

याच दिशेचा नेदरलँड्समधून पुढे आलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ९४ रुग्णांपैकी काहींना वर्षभर इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध दिले; काहींना ते थोडा काळ देऊन शस्त्रक्रियेने आतले तोंड बंद केले. दीड वर्षाने एमआरआयमध्ये भगंदर पूर्ण भरलेले दिसले ते शस्त्रक्रियेच्या गटात ३२ टक्के, नुसत्या औषधाच्या गटात ९ टक्के. यात बऱ्याच रुग्णांना आपापल्या पसंतीचा उपचार घेण्याची मुभा होती, त्यामुळे हाही आकडा जपूनच वाचायचा. तरी या अभ्यासावर कुठे पाऊण पान आलेले मी पाहिले नाही.

पेशींवरचे संशोधन संपलेले नाही, संपूही नये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१७ मध्ये रुग्णाच्याच पेशी विरघळणाऱ्या बुचावर वाढवून ते बूच वाटेत बसवले. १२ पैकी १० जणांचे भगंदर सहा महिन्यांनी बंद होते. डेन्मार्कमध्ये रुग्णाची स्वतःची ताजी चरबी काढून लगेच टोचली, तेव्हा २१ पैकी १२ जण पूर्ण बरे झाले. वाचून मन हरखते. पण दोन्हींत तुलनेचा गट नव्हता, आणि तुलनेच्या गटाने काय शिकवले ते वर आलेच आहे. पेशींशिवायचे कोलॅजनचे बूच फ्रान्समध्ये १०६ रुग्णांत नुसता सीटन काढण्याशी ताडून पाहिले, तर १२ आठवड्यांनी भगंदर बंद झाले ते बुचाच्या गटात ३१.५ टक्के, नुसता सीटन काढलेल्यांत २३.१ टक्के; तज्ज्ञांनी हा फरक ठोस मानला नाही. नेदरलँड्समधल्याच एका लहान चाचणीत १, ३ आणि ९ कोटी पेशी अशा तीन मात्रा दिल्या, तर मधली मात्रा सर्वांत चांगली ठरली. प्रत्येक मात्रेला पाचच रुग्ण होते, तेव्हा त्यावर इमारत बांधू नये. पण 'जितक्या जास्त पेशी तितका जास्त गुण' असे जाहिरातीत दिसले, तर ते या चाचणीवरून तरी ठरत नाही.

आता हे पत्र आजच का. बाह्यरुग्ण विभागात इन्फ्लिक्सिमॅबच्या सलाइनसाठी थांबले होते. शेजारच्या बाकावर कॉलेजातला एक मुलगा वडिलांबरोबर बसला होता. एका कुशीवर कलून बसलेला, त्यावरूनच ओळखले. त्याने फोन पुढे केला. त्यात आपल्या लेखाचे कात्रण होते आणि त्याच्याखाली कुणीतरी एका पेशी-उपचार केंद्राची जाहिरात जोडून पुढे पाठवली होती. "ताई, हे घेतलं तर हे सलाइन बंद करता येईल ना?" वडील म्हणाले, पैशांची तजवीज करतो आहे, म्हणून या वेळचे सलाइन पुढे ढकलायला आलो आहोत. ती जाहिरात मी नीट वाचली. पेशी कुणाच्या, किती, कुठे वाढवलेल्या, काही नाही. आधी एमआरआय होणार का, नंतर होणार का, काही नाही. याच केंद्रात याच पेशींनी गुडघे, मधुमेह आणि मुलांचे मंदत्वही बरे होते, असे मात्र होते. मी त्या दोघांना एवढेच म्हणाले की आज सलाइन चुकवू नका आणि हा फोन आत डॉक्टरांना दाखवा. डोस असे लांबवत गेले की शरीर त्या औषधाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू शकते, आणि मग हाताशी असलेले औषधही निकामी होते. आत डॉक्टरांनी त्यांना हेच समजावले आणि सलाइन लागले.

त्या केंद्राच्या जाहिरातीचा दोष मी आपल्याला देत नाही. पण तिला वजन आले ते वर चिकटवलेल्या आपल्या कात्रणामुळे. ज्या वाचकांपुढे असा प्रस्ताव येईल त्यांनी पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. हा मान्यताप्राप्त उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर त्याची नोंदणी कुठे आहे, आणि नैतिक समितीची परवानगी दाखवाल का? प्रामाणिक चाचणीत प्रयोगातल्या औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत; इथे का मागत आहात? सहा महिन्यांनी एमआरआय करून तो मला देणार का? आणि माझे सध्याचे औषध बंद करायला सांगत असाल, तर माझ्या पोटविकारतज्ज्ञांना तसे लेखी कळवणार का? यातल्या पहिल्याच प्रश्नाला आवाज चढला, तर तिथून उठावे.

मला स्वतःला विचाराल, तर उद्या एखादी नीट आखलेली चाचणी आली, माझे डॉक्टर 'तुम्ही तिच्या निकषांत बसता' म्हणाले, तर मी संमतीपत्रावर सही करीन. पेशींऐवजी सलाइनच्या गटात जाण्याची शक्यता मान्य करून करीन. २१२ आणि ५६८ जणांनी ती मान्य केली, म्हणून आज मला हे पत्र आकड्यांनिशी लिहिता आले. ते सगळे माझ्यासारखेच धागा घेऊन बसलेले लोक होते.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणे तीन. उपचाराच्या बातमीत गुण आलेल्यांचा टक्का छापाल, तेव्हा उपचार न घेतलेल्यांचा टक्का आणि एकूण रुग्णसंख्याही त्याच ओळीत छापावी. क्रोन्समधल्या भगंदरावर एखाद्या शल्यविशारदाची आणि पोटविकारतज्ज्ञाची एकत्र मुलाखत घ्यावी, आणि सीटन, एमआरआय, औषधाची रक्तातली पातळी या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींना जागा द्यावी. आम्हाला त्या कंटाळवाण्या वाटत नाहीत. आणि डार्व्हाडस्ट्रोसेल दुसऱ्या चाचणीत उतरले नाही व डिसेंबर २०२४ मध्ये युरोपातून मागे घेतले गेले, हे आरोग्य पुरवणीच्या त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावे, म्हणजे ज्यांच्या फोनमध्ये ते कात्रण आहे त्यांना पुढे पाठवायला दुसरे कात्रण मिळेल.

आपली,
एक शिक्षिका
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)